हेथांग गाव हललं नाही

रोंग छ्यूमेई आमच्या कचेरीत आली तेव्हा तिच्या पिशवीत दोन कागद होते आणि डोक्यात एकच तारीख. छिंगमिंगला, म्हणजे थडगी झाडायच्या सणाला, एकोणीस दिवस उरले होते. तिचा थोरला भाऊ ताओशंग हिवाळ्यात ग्वांगचौला वारला. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे अस्थी तिथल्या अंत्यविधीगृहाच्या कपाटात पडून. आमच्याकडे अस्थी डोंगरावर आईवडिलांशेजारी जातात त्या छिंगमिंगलाच. चुकली की वर्षभर कपाट. छ्यूमेई एकाहत्तरची. वर्षभराच्या वायद्यावर तिचा विश्वास नव्हता.

अडचण एवढीच होती, की ती त्याची बहीण आहे हे ग्वांगचौच्या संगणकाला पटत नव्हतं. ताओशंगच्या कागदावर लिहिलं होतं: ग्वांगदोंग प्रांत, शीलिंग तालुका, हेथांग गाव. हिच्या कागदावर: ग्वांगशी प्रांत, शीलिंग तालुका, हेथांग गाव. दोघं जन्मली एकाच खाटेवर, तो पन्नास साली, ही त्रेपन्न साली. मधल्या काळात वरच्या कोणीतरी आमचा किनारा उचलून ग्वांगशीला दिला. पंचावन्नला परत घेतला, पासष्टला पुन्हा दिला. ताओशंग चौसष्टला कारखान्यात लागला आणि ग्वांगदोंगच्या शिक्क्यासह तिकडेच राहिला.

"तिथली मुलगी म्हणते, आमच्या प्रांतात शीलिंग नावाचा तालुकाच नाही," छ्यूमेई म्हणाली. "म्हणजे माझा भाऊ जन्मलाच नाही. मेलाय, हे मात्र मान्य आहे त्यांना."

मी तालुक्याच्या इतिवृत्त कचेरीतून, म्हणजे तालुक्याचा इतिहास लिहितात तिथून, सात वर्षांपूर्वी निवृत्त झालो. पण दप्तराच्या कपाटाचं कुलूप माझ्याशिवाय कोणाला उघडत नाही, म्हणून रोज जातो. मी तिथल्या तिथे दाखला लिहून दिला: 'पन्नास साली हेथांग ग्वांगदोंगात होतं, त्रेपन्न साली ग्वांगशीत होतं. गाव हललं नाही.' फक्त शिक्का राहिला होता, आणि तो कचेरीप्रमुख थानसाहेबांच्या खणात असतो.

थानसाहेबांनी दाखला दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि विचारलं, "वेई, छिन राजवट कुठे आहे?"

मी म्हटलं, बाईंचा भाऊ पन्नास सालचा आहे. ते म्हणाले, या कचेरीतून तालुक्याच्या कारभाराबद्दल जे बाहेर जाईल ते छिनपासून, म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वीच्या पहिल्या राजवटीपासून जाईल. आधीच्या प्रमुखाने एकदा मधली दीड हजार वर्षं गाळून मिंगपासून सुरुवात केली होती, आणि राजधानीच्या परीक्षकांनी त्याचा चारचौघांत पाणउतारा केला होता. शिवाय इतिवृत्तातल्या राजवटींच्या प्रकरणाला अजून समितीची मंजुरी नव्हती. मंजुरीशिवाय शिक्का नाही.

समिती म्हणजे पाच म्हातारे आणि एक चहाची किटली. छिन आणि हान पहिल्याच दिवशी पार पडले. हानच्या काळात आम्ही हफू सुभ्यात होतो यावर कोणाचं दुमत नव्हतं. मग आलं वूचं राज्य. त्यांनी दक्षिण तोडून दोन सुभे केले, त्याच साली परत जोडले आणि अडतीस वर्षांनी परत तोडले. ही नोंद एक धरायची की तीन, यावर आठ दिवस गेले. समितीतले निंगमास्तर एका नोंदीच्या बाजूचे. ते म्हणत, जे टिकलंच नाही ते लिहायचं कशाला? त्यावर थानसाहेब म्हणाले, मग लिहिण्यासारखं काही उरणारच नाही.

छ्यूमेई रोज यायची. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून सुकी माकुळं सोलायची आणि म्हाताऱ्यांना चहाबरोबर द्यायची. नवव्या दिवशी वाद थांगपर्यंत पोचला तेव्हा तिने हात पुसले.

"अहो थानसाहेब," ती म्हणाली, "माझा भाऊ थांगच्या काळात नाही हो मेला. परवाच्या थंडीत मेलाय."

मग निंगमास्तरांनी तिला समजावलं, की थांगच्या अखेरीला दक्षिणेचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं. तिच्या भावाचं प्रकरण म्हणजे त्या दुखण्याचं ताजं लक्षण. हे ऐकून समितीला हुरूप आला. सोंगला आम्ही पश्चिमेकडे, युआनला भलत्याच लांबच्या हूग्वांगकडे, मिंगला थोडी उलथापालथ होऊन ग्वांगदोंगकडे, शेवटच्या छिंग राजवटीलाही तिथेच. छिंगमिंगला चार दिवस राहिले असताना शिक्का बसला. दाखला चौदा पानांचा झाला होता. माझी दोन वाक्यं तेराव्या पानावर तळटीप म्हणून गेली होती.

छ्यूमेई आणि मी गाडीने ग्वांगचौच्या अंत्यविधीगृहात गेलो. काचेमागच्या मुलीने तळटीप वाचली आणि म्हणाली, "काका, हा शिक्का ग्वांगशीचा आहे. पन्नास साली गाव आमच्याकडे होतं, तर दाखला आमच्या प्रांताचा हवा."

मी म्हटलं, तुमच्या प्रांतात विचारलं. ते म्हणतात, शीलिंग आमच्याकडे नाही.

"बरोबरच आहे की त्यांचं," ती म्हणाली.

त्या क्षणी मला चौदा पानं, किटली आणि थानसाहेबांचा चष्मा एकदम आठवला. मी काही बोलणार, तेवढ्यात छ्यूमेईने मला कोपराने बाजूला केलं. तिने मुलीला विचारलं, जन्मगावाचं राहू दे बाळ, फॉर्मवर आणखी कुठला रकाना आहे? मुलीने पडदा खाली सरकवला. घराण्याचं मूळ ठिकाण. ताओशंगच्या कारखान्याच्या नोंदीत तिथे होतं: ग्वांगदोंग, ल्येनचौ परगणा. हा रकाना जुळला तरी नातं धरता येतं. मात्र आजोबांच्या वेळची इतिवृत्तातली नोंद लागते.

आजोबा छिंग राजवटीत जन्मले होते. मी नववं पान उघडलं. 'छिंग: ग्वांगदोंग प्रांत, ल्येनचौ परगणा.' जुन्या राजवटींबद्दल कोणत्या प्रांताचा शिक्का हवा, याचा नियम मुलीने शोधला. तसा नियम कोणी केलेलाच नव्हता. तिने यादीतून छ्यूमेईसाठी ग्वांगदोंग निवडलं. रकाना हिरवा झाला. पाच मिनिटांत कलश छ्यूमेईच्या मांडीवर होता.

माझा दोन वाक्यांचा दाखला आणला असता, तर कलश कपाटातच राहिला असता. ही गोष्ट मी थानसाहेबांना अजून सांगितलेली नाही, आणि सांगणारही नाही.

छिंगमिंगला आम्ही डोंगरावर गेलो. गवत काढून झालं होतं, भाजलेलं डुक्कर मांडलं होतं, आईवडिलांच्या अस्थींच्या रांजणांशेजारी खड्डा तयार होता. पाथरवट छिन्नी घेऊन दगडापाशी बसला होता. रिवाजाप्रमाणे त्याने विचारलं, मावशी, नावाच्या वर प्रांत कुठला घालू?

छ्यूमेईने माझ्याकडे पाहिलं. मी डुकराकडे पाहिलं.

"हेथांग घाल," ती म्हणाली. "आणि वर प्रांतापुरती जागा मोकळी सोड."