कणगीचा लेप

नोंदवाल्या बाई दारात चपला काढत होत्या आणि आतून सून त्यांची पिशवी न्याहाळत होती. कॅमेरा, जाडजूड वही, छापील कागद. एवढा लवाजमा घेऊन कुणी नुसतं ऐकायला येतं होय?

सासूबाईंच्या लेपाचा वस्तीभर लौकिक होता. त्यांनी लिंपलेल्या कणगीतल्या धान्याला दोन-दोन वर्षं कीड शिवत नसे. जुन्या हातांतल्या अशा युक्त्या लिहून काढायच्या आणि ज्यांच्या त्यांनाच परत द्यायच्या, असं बाई सांगत. सुनेला ते पटेना. तिच्या माहेरी असाच एक साहेब गोड बोलून गेला होता, आणि दोन वर्षांनी आजोबांचा सांधेदुखीचा लेप डबीत बसून दुकानात आला. डबीवर आजोबांचं नावसुद्धा नव्हतं.

“आई, जरा हात राखून सांगा,” ती कुजबुजली.

“मी काय सोन्याचा हंडा पुरलाय?” सासूबाई हसल्या.

घरच्याच माणसानं लिहावं, हा बाईंचा नियम. म्हणून लेखणी सुनेच्या हाती. सासूबाई सांगत गेल्या: माती चाळायची, राख मिसळायची, कडू पाल्याच्या पाण्यात नऊ दिवस भिजवायची, वास सुटला की मगच लिंपायची. मांडीवरच्या बाळाला थोपटत सुनेनं ‘नऊ’च्या जागी ‘तीन’ लिहिलं. चोरा म्हणावं! लेपाला भेगा पडल्या की बसा बोंबलत.

आठवड्यानं बाई परत आल्या, त्या वस्तीतल्या बायका जमवूनच. पान सगळ्यांना वाचून दाखवायचं आणि मग घरोघरी एकेक प्रत द्यायची.

“तीन दिवस भिजवावी,” बाईंनी वाचलं.

“तीन?” थोरल्या जाऊबाई ताडकन म्हणाल्या. “मला तर नऊ-नऊ दिवस ताटकळत ठेवलंत, आई!”

“आम्हालाही,” शेजारीण म्हणाली. “म्हणजे आम्हाला एक आणि पाहुण्यांना एक? की वस्तीचं धान्य सडवायचा बेत आहे, म्हातारबाई?”

सासूबाईंनी कागदाकडे पाहिलं. अक्षरओळख नव्हती, पण लिहिलं कुणी ते ठाऊक होतं. सुनेकडे एकदा पाहिलं, बस्स. चाळीस वर्षांचा विश्वास अंगणात उघडा पडला होता आणि म्हातारी तो मुकाट्यानं जाऊ देत होती.

“तीन मी लिहिलंय,” सून म्हणाली. “मुद्दाम. आईंनी नऊच सांगितलं होतं.”

“शिकल्याचा उपयोग!” शेजारीण पुटपुटली.

सुनेनं पान ओढून घेतलं, ‘तीन’ खोडलं, ‘नऊ’ केलं. खाली एक ओळ वाढवली: वस्तीला विचारल्याशिवाय हे कुणी विकायचं नाही. “बाई, यावर सही.”

“माझ्या एकटीच्या सहीनं भागणार नाही हो. वर विचारावं लागेल.”

“मग विचारून या. पान तोवर इथंच.”

बाई रागावल्या नाहीत. ओळ वहीत उतरवून घेतली आणि निघाल्या. खऱ्या की बेरकी, सुनेला शेवटपर्यंत कळलं नाही.

“आणि आमच्या प्रती?” शेजारणीनं विचारलं.

“मी लिहून देते.”

बाळाला जाऊबाईंकडे देऊन तिनं पहिली प्रत तिथंच लिहिली, ठळक अक्षरात. सासूबाईंनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली, आणि सुनेला न विचारता जाऊबाईंपुढे धरली.

“तू वाच गं,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं.”