उलटा ओघळ

गाडी लिफ्टवर चढली, तेव्हाच वहीवाले तिला मनातल्या मनात नापास करून मोकळे झाले होते. नव्याने बघायचं काय? हीच गाडी तीन वर्षांपूर्वी त्यांनी नापास केली होती, तीही खाली न वाकता, जावयाने ओरडून सांगितलेल्या दोन वाक्यांवर.

वहीवाले हे त्यांचं टोपणनाव. या जुन्या गाड्यांच्या भागांवर कारखान्यातले कामगार तपासणीच्या खुणा करायचे. कुठे खडूचा आकडा, कुठे रंगाचा फटकारा. कुठली खूण कुठे, हे वहीवाल्यांनी तरुणपणी भंगाराची आवारं पालथी घालून एका वहीत चितारून ठेवलं. कारखाना केव्हाच बंद पडला, त्याचे कागद रद्दीत गेले, आणि वही तेवढी उरली. जुन्या गाड्यांच्या शौकिनांना ती म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. खूण वहीबरहुकूम नसली, की भाग खोटा आणि तो बसवणारा लबाड.

गाडीच्या मालकीणबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, पर्स पोटाशी धरून उभ्या होत्या.

"माझा भाऊ गेल्या वर्षी गेला," त्या म्हणाल्या. "तुम्ही नापास केल्यावर लोक त्याला तोंडावर लबाड म्हणाले. पुन्हा जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला गेला नाही तो. मला गाडी विकायची नाहीये. त्याने खोटा भाग बसवला होता का, एवढंच नीट बघून सांगा."

"बघतो की," वहीवाले म्हणाले आणि बॅटरी घेऊन गाडीखाली गेले. बाईंची कटकट मिटावी, एवढाच हेतू.

जावई तिथे आधीच उभा होता. "बाबा, वेळ कशाला घालवताय? मागच्या ॲक्सलचा निळा पट्टा उजवीकडे आहे, वहीत डावीकडे. फॉर्म भरलाय, तुम्ही फक्त सही ठोका."

वहीवाल्यांनी ग्रीसचा जुना थर पुसला. पट्टा नखाने खरवडूनही निघेना. मग त्यांना ओघळ दिसला. पट्ट्याच्या कडेपासून रंगाचा एक बारीक ओघळ निघाला होता, आणि तो वर गेला होता.

रंग वर कसा जाईल? गाडीखाली शिरून कोणी नकली पट्टा मारला असता, तर ओघळ खाली आला असता. पट्टा मारताना ॲक्सल सुटा होता, आणि उलटा; म्हणजे कारखान्यात, गाडीला जोडण्याआधी.

त्यांना भंगाराचं ते आवार आठवलं. वहीतलं चित्र ज्यावरून काढलं, तो ॲक्सलही दोन पिंपांवर उलटाच पडलेला होता. पंचविशीतल्या शहाण्याने दिसला तसा चितारला! त्यांनी काखेतली वही उघडली आणि ती उलटी धरली. चित्र वरच्या ॲक्सलशी तंतोतंत जुळलं. पट्टा उजवीकडे, ओघळ वर.

"काय झालं बाबा?" जावयाने पेन पुढे केलं.

वहीवाल्यांनी पेन घेतलं. सही केली की विषय संपत होता. बाईंना ओघळातलं काय कळणार? जावयालाही कळलं नव्हतं. आणि कळलं, तर उभ्या आयुष्याची अब्रू धुळीला मिळणार होती. पलीकडे बाईंच्या झिजलेल्या चपला तेवढ्या दिसत होत्या, जागच्या न हललेल्या.

त्यांनी पेन खिशात घातलं आणि बाहेर आले.

"बाई, ॲक्सल कारखान्यातलाच आहे. तुमचा भाऊ खरा होता. माझ्या वहीत चूक आहे, आणि ती मीच केलीय."

बाईंचे डोळे भरून आले, पण आवाज शाळेतलाच राहिला. "मला काय सांगताय? मला माहीतच होतं. त्याला मेळाव्यात लबाड ठरवलंत ना? मेळाव्यात सांगा."

शटरपलीकडे मेळावा भरलेला होता. जावयाने त्यांचा दंड धरला. "बाबा, डोकं फिरलंय का? बाहेरच्या अकरा गाड्यांवर पुसून गेलेला पट्टा तुम्ही स्वतः वहीत बघून डावीकडे मारलाय!"

"म्हणूनच म्हणतो, जावईबापू, हात सोडा."

त्यांनी शटर वर केलं. पहिल्या गाडीचा मालक मोठ्या कौतुकाने बॉनेट पुसत होता. त्यांना बघून तो नमस्काराला वाकला. वहीवाल्यांनी त्याला मध्येच थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गाडी लिफ्टवर घ्या. तुमचा पट्टा मी चुकीच्या बाजूला मारलाय. बरोबर होता तो या बाईंच्या भावाचा."