सोमवारचा नियम

सोमवारी मावशीने पार्लरचं शटर अर्धंच वर केलं, तोच गेलेल्या पोरीची आई वाकून आत आली.

"वेणी न्यायला आलेय. तुमच्याकडे आहे म्हणे."

चारच दिवसांपूर्वी पोरीला मूठमाती दिली होती. तिने स्वतःच जीव दिला, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं. मावशीने ड्रॉवरमधून कागदात गुंडाळलेली वेणी काढून आईच्या हाती ठेवली. टोकाला अजून पोरीचंच निळं रबर होतं.

सोमवारी पार्लर बंद. त्या दिवशी मावशी गल्लीतल्या पोरापोरींचे केस धुवायची. चर्चचं नाव काढलं की नाक मुरडणारी ही कार्टी, पण बेसिनवर मान टाकून डोळे मिटले की मनातलं भडाभडा बोलायची. मावशीचा नियम एकच, आपण होऊन काही विचारायचं नाही. विचारलं की पोरं बिथरतात, पुन्हा फिरकत नाहीत. ऐकायचं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची आणि टॉवेल द्यायचा. पाचाची वीस पोरं झाली तेव्हा पाळकसाहेबांनीसुद्धा कौतुक केलं, आणि मावशी महिनाभर हवेत होती.

गेल्या सोमवारी ही पोरगी म्हणाली, "सगळे कापा. वेणी आईला द्या." मग पाण्याखाली डोळे मिटून म्हणाली, "आता हलकं वाटतंय." मावशीला वाटलं, प्रभूने पोरीचं ओझं उतरवलं! तिने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या! आठवलं की स्वतःचं थोबाड फोडून घ्यावंसं वाटायचं तिला.

"काही बोलली होती का ती?" आईने विचारलं.

मावशीने सगळं सांगितलं. टाळ्यांसकट.

आई ना रडली, ना ओरडली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कुठे बसली होती?"

मावशीने खुर्ची दाखवली. आई बसली, वेणी मांडीवर घेतली आणि मान मागे टाकली.

"माझेही धुवा."

मावशीने कोमट पाणी सोडलं. चार दिवसांत त्या केसांना कंगवा लागला नव्हता. ती बोटांनी गुंता सोडवू लागली. बाहेर पोरं जमली होती. शटरखालून त्यांचे बूट दिसत होते, पण आत यायला कुणी धजत नव्हतं.

"घर आवरून आलेय," आई डोळे मिटून म्हणाली. "किल्ली शेजारी दिली. बरं वाटतंय आता. हलकं."

मावशीचे हात थांबले. ओठांवर आलेली प्रार्थना तिने गिळली आणि नळ बंद केला.

"जीव द्यायचं मनात आहे का तुमच्या?"

आईने डोळे उघडले.

"तिला विचारलं होतंत असं?"

"नाही."

केसांतून पाणी ठिबकत होतं. मावशीने आईच्या मानेखालचा हात काढला नाही.

"विचारायचं होतंत हो," आई म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला रडू फुटलं.