हिरवी तबकडी

झाशीच्या सदर बाजारातल्या दुकानदाराने जुन्या धाटणीची दोन क्रोनोग्राफ घड्याळं काचेवर मांडली. एकाची तबकडी लाल, दुसऱ्याची हिरवी. बाकी सगळं हुबेहूब सारखं.

"अहो, कोणतं घ्यायचं?" वसुंधराने नवऱ्याला विचारलं.

"तूच सांग ना," दत्तात्रेय म्हणाला.

हल्ली रंगाचं काहीही विचारा, हेच उत्तर! सत्तावीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवणारा माणूस, पण परवा तिच्या साडीचा रंगसुद्धा सांगेना. इंजिनात ड्रायव्हर आणि सहायक, दोघांनीही सिग्नलचा रंग मोठ्याने म्हणायचा, असा नियम. हा सहायकाच्या मागून म्हणत असेल का? किती दिवसांपासून?

तिने लाल तबकडीवर बोट ठेवलं. "ही हिरवी बरी दिसतेय."

"हिरवी!" तो ड्युटीवरच्या खणखणीत आवाजात म्हणाला.

दुकानदाराने चमकून वर पाहिलं. "भाईसाब, ये तो..."

"यही दीजिए," वसुंधरा घाईघाईने म्हणाली आणि ते लाल घड्याळ तिने स्वतःच्या हाताने त्याच्या मनगटावर बांधलं.

त्याने खुशीत वेळ पाहिली. तासाभरात त्याला कानपूरची गाडी न्यायची होती, बाराशे माणसांची.