पुढच्या सीटवरचा दुधाचा कॅन

मी एक जुना, चाळीस लिटरचा दुधाचा कॅन आहे. माझी हकिकत सांगण्याजोगी आहे की नाही, शंकाच आहे, तरी सांगतो.

मित्रांनो, कडावच्या येसूबाईंनी मला नवाकोरा आणला. वीस वर्षं मी त्यांच्या टेंपोतून कर्जतला दूध पोचवलं. मग टेंपो मोडीत निघाला. त्यांच्या रूपेशला विजेवरच्या दोन गाड्या आवडल्या. किंमत जवळपास सारखीच, म्हणून एका चार्जिंगमध्ये कोणती जास्त धावते हेच तो रोज ताडून बघे.

"कॅन मावला नाय तर भंगारात दिऊ, आये," तो म्हणाला. माझा तर पत्राच थरथरला.

एका सकाळी दोन्ही गाड्या, एक निळी आणि एक पांढरी, दारात आल्या.

"कॅनात पानी भरून बगू," रूपेश म्हणाला.

"पानी? माज्या कॅनात? लोकं काय म्हनतील रं! दूधच भर."

निळीची डिकी ऐसपैस होती. मी ताठ उभा राहिलो. मागच्या सीटवरून विक्रेता कमलेश म्हणाला, "काकू, पोटातलं पाणी हलणार नाही." पण रूपेशने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच गाडी आपोआप थबकली. माझं झाकण उडालं आणि दूध कमलेशच्या मानेवरून ओघळलं. झाकण सैल आहे, हे मी आधी सांगायला हवं होतं.

पांढरीच्या डिकीत, मागच्या उतरत्या काचेखाली मी मावेना. रूपेशने मान हलवली. तेव्हा येसूबाईंनी मला पुढच्या सीटवर ठेवायला लावलं. लगेच गाडी टूं टूं करू लागली.

"काय झालं गं हिला?"

"काकू, तिला वाटतंय माणूस बसलंय," विक्रेती हर्षला हसली. "पट्टा लावा म्हणते."

मला पट्टा लावला. भिवपुरीपर्यंत जाऊन आलो. थेंब सांडला नाही. खरं तर या वेळी येसूबाईंनी मागून झाकण दाबून धरलं होतं. निळीतही मला पुढे बसवून पाहायला हवं होतं. पण भंगाराच्या भीतीने मी गप्प राहिलो.

"आये, निळी जास्त धावते!"

"धावू दे. आपल्या कॅनला मानूस समजते, ती आपली."

आता मी रोज पुढे बसतो, येसूबाई मागे. मित्रांनो, जुन्या भांड्याला मान नाही दिलात तरी चालेल. फक्त रोज गरम पाण्याने धुवा आणि उन्हात पालथं घाला. आत दूध आंबलं, तर कोणती गाडी चांगली हे कुणी विचारत नाही. सगळे नाक दाबून माझ्याकडेच बघतात.