दक्षिणेची चौकट

सात देशांची एकवीस जहाजं एका समुद्राचे चौकोन पाडतात आणि ते आपसात वाटून घेतात. एका चौकोनावरून दोन देश भांडतात. चहापर्यंत मिटतं.

पार्सल शोध विभागात एका खोक्यावरचा पत्ता उंदरांनी खाल्ला आहे. आत एकच बूट आहे, डाव्या पायाचा.

एक आई टीव्हीचं तोंड भिंतीकडे फिरवते. आवाज मात्र चालू ठेवते.

नियंत्रण कक्षातला एक माणूस पाळी संपताना आपलं टेबल आवरतो. पुढच्याला पसारा देऊ नये, असं त्याला शिकवलेलं आहे.

चौथ्या मजल्यावरच्या एका दारावर काळा ऑइलपेंट ओतलेला आहे. दाराखालच्या फटीतून तो आतल्या चपलांपर्यंत गेला आहे.

विमानातली नोंद-पेटी पाण्याखालून हाक मारत राहते. तिची बॅटरी तीस दिवस पुरते.

हे तुकडे एकमेकांचे कोणी लागत नाहीत, असं वाटेल. आपणही एकमेकांचे कोणी लागत नाही, असं आपल्याला रोज सकाळी वाटतंच की.

•

ताई पार्सल शोध विभागात सोळा वर्षं काम करत होती. हरवलेलं पार्सल कोणत्या हातातून कोणत्या हातात गेलं, हे उलट्या क्रमाने काढत जायचं, हा तिचा धंदा. ‘ताई’ तिला धाकटी बहीण म्हणायची, आणि धाकटीचंच ऐकून सगळी गल्ली म्हणायला लागली. आता ती धाकटी एकतीस नंबरच्या रांगेत, खिडकीशी बसून, दोनशे चौदा प्रवाशांसह नाहीशी झाली होती. भर दुपारी, स्वच्छ आभाळात, दोन देशांच्या हवाई हद्दी जिथे मिळतात तिथे.

अलीकडच्या नियंत्रण कक्षाने वैमानिकाला सांगितलं, आता पलीकडच्यांशी बोला. वैमानिकाने ‘बरं’ म्हटलं. पलीकडच्यांना वाटलं, विमान अजून अलीकडे आहे. अलीकडच्यांना वाटलं, ते पलीकडे गेलं. पन्नास मिनिटं कोणी कोणाला विचारलं नाही.

चौकशी समितीने पहिल्या आठवड्यात एक ओळ जाहीर केली: विमान पलीकडे पोचल्याची खात्री न करता एका कर्मचाऱ्याने ते पोचल्याची नोंद केली. कर्मचाऱ्याचं नाव गोपनीय.

ताईने ती ओळ वाचली आणि जेवणाचं ताट बाजूला सारलं. आईला म्हणाली, “शेवटचा हात सापडला.”

आई भिंतीकडे पाहत बसली होती. “हात सापडून काय करायचंय? मला माझी पोरगी सापडायला हवी आहे.”

पण ताईला आता पोरगी दिसतच नव्हती, हात दिसत होता. रात्रंदिवस तोच. सोळा वर्षांची विद्या तिने पणाला लावली. एक मंत्री नियंत्रण कक्षाला भेट द्यायला गेला होता, त्याचा फोटो छापून आला होता. मंत्र्याच्या खांद्यामागे भिंतीवर पाळ्यांचा फळा होता. ताईने ऑफिसातलं भिंग त्यावर धरलं. त्या तारखेची दुपारी संपलेली पाळी, नावाची तीन आद्याक्षरं. त्या तीन अक्षरांवरून कर्मचारी संघटनेची जुनी यादी, यादीवरून वसाहत, वसाहतीतून इमारत, चौथा मजला. चार दिवस लागले. पार्सलाला याहून जास्त लागतात.

बाराव्या दिवशी सकाळी दहा वाजता तिने त्याचं नाव, फोटो आणि पत्ता प्रवाशांच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: हा.

दुपारपर्यंत दारावर रंग पडला होता. संध्याकाळी त्याच्या खिडक्या फुटल्या. ग्रुपवर त्या काचांचे फोटो आले, आणि ताईला बारा दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. तिने दोनदा वाढून घेतलं.

वाचकहो, तिला नावं ठेवण्याआधी आपापल्या पोटावर हात ठेवून बघा. कोणाच्या तरी फुटक्या काचेने आपलं पोट कधी भरलंच नाही, असं कोण म्हणेल?

•

जहाजं विमानाच्या सरळ वाटेवर, पूर्वेला, शोधत होती. उताणी तरंगणारी एक खुर्ची सापडली, ती कुठल्यातरी मासेमारी बोटीची निघाली. साप साप म्हणून समुद्र धोपटणं चाललं होतं. विसाव्या दिवशी बातमी आली की नवा पुरावा मिळाला नाही, तर सात देश शुक्रवारच्या बैठकीत शोध थांबवणार.

ताईने ऑफिसात जाहीर केलं की ती त्या माणसाच्या घरी जाणार आहे. ‘मी मारलं’ एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून फोनवर रेकॉर्ड करून जगभर पाठवणार आहे.

विभागप्रमुखांना सगळे भिंगकाका म्हणत. ते भिंग तेव्हाही ताईच्याच पर्समध्ये होतं. निवृत्तीला दोन महिने राहिलेला हा माणूस सहसा कोणाच्या भानगडीत पडत नसे. त्या दिवशी त्यांनी कपाटातून दोन कोरे फॉर्म काढले आणि तिच्यापुढे ठेवले. एक पिवळा पडलेला, तिच्या नोकरीच्याही आधीचा. दुसरा रोजचा.

जुन्या फॉर्मवरचा पहिला प्रश्न होता: शेवटची सही कोणाची?

रोजच्या फॉर्मवरचा पहिला प्रश्न: शेवटचं कुठे दिसलं?

काकांनी सांगितलं की जुन्या फॉर्मच्या काळात शेवटची सही करणाऱ्याची बदली व्हायची, थेट जगाच्या टोकाला. मग लोकांनी सह्या करणंच सोडलं. फाटकं खोकं दिसलं की ते दुसऱ्याच्या टेबलाखाली ढकलायचं. एकदा औषधांचं खोकं अकरा टेबलांखालून फिरलं. सगळ्यांनी पाहिलं होतं, कोणी पाहिलं नव्हतं. ज्याला ते औषध हवं होतं, तो माणूस वाट पाहत गेला.

“म्हणून प्रश्न बदलला,” काका म्हणाले. “बाई, तुम्हाला पार्सल हवंय की गुन्हेगार? दोन्ही हवं असेल तर आधी पार्सल मागा. गुन्हेगार आधी मागितलात, तर पार्सल मिळत नाही. मी हे दोन्ही तऱ्हांनी करून पाहिलंय.”

“माझी बहीण खोकं नाही, काका.”

“नाही ना? मग तिला तरी नीट शोधा.”

ताईला राग आला. त्यांचा चहा तिने तसाच ठेवला आणि भिंग परत न करता निघाली.

•

चौथ्या मजल्यावर रंग घासून काढण्याचा प्रयत्न झाला होता. दार राखी झालं होतं. त्याच्या बायकोने उघडलं.

“आज काय आणलंत? अंडी की अजून एक डबा? रंग आणला असाल तर पांढरा चालेल.”

ताईने सांगितलं की तिची बहीण एकतिसाव्या रांगेत होती. बायको बाजूला झाली. फुटक्या खिडक्यांना पुठ्ठे लावलेले होते, म्हणून दुपारीही दिवा लावलेला. तो जेवणाच्या टेबलाशी बसला होता. फोटोतल्यापेक्षा बारीक. त्याच्या वकिलाने त्याला एकही शब्द न बोलण्याचं बजावलं आहे, असं बायकोनेच सांगितलं.

ताईने फोन टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं. ‘मी मारलं’ म्हणायला लावण्यासाठी तिने पाठ करून आणलेलं भाषण होतं. तिने तोंड उघडलं आणि सवयीने, सोळा वर्षं रोज वीसदा विचारलेला प्रश्न तिच्या तोंडून आला.

“शेवटचं कुठे दिसलं?”

त्याने मान वर केली. तीन आठवड्यांत त्याला लोकांनी पुष्कळ विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं.

तो बोलला तेव्हा हळू, सांभाळून बोलला, पण थांबला नाही. प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असते, त्याने सांगितलं. विमान पलीकडे पोचल्याचा निरोप आला की ती पट्टी ‘गेलेल्या’ विमानांच्या खणात टाकायची. पण पाळी संपताना पुढच्याला स्वच्छ टेबल द्यायचं, ही त्या कक्षातली जुनी रीत. सगळेच शेवटच्या पट्ट्या निरोपाआधी खणात टाकत. वरिष्ठ त्याला शिस्त म्हणत. त्यानेही टाकली. मग उठता उठता पडद्याच्या कडेला एक ठिपका उजवीकडे, दक्षिणेला वळताना दिसला. त्यावर विमानाचं नाव नव्हतं. नाव नसलेले ठिपके ते जुनं यंत्र साठवून ठेवत नाही. मालवाहू असेल, असं तो मनाशी म्हणाला, कारण त्याच्या टेबलावर आता एकही विमान शिल्लक नव्हतं.

“दक्षिणेला,” ताई म्हणाली. “आणि एकवीस जहाजं पूर्वेला आहेत.”

“हो.”

“वीस दिवस तुला हे माहीत आहे.”

“बाराव्या दिवशी सकाळी मी समितीला फोन केला होता. दुसऱ्या दिवशी अकराची वेळ मिळाली.” त्याने दाराकडे पाहिलं नाही. “मग ते झालं. मुलगी घरात होती. वकील म्हणाला, आता बोललास तर रंगावर भागणार नाही.”

ताईने मनात आकडे मांडले. हे गणित तिला सोडवावं लागलं नाही, ते सुटलेलंच होतं. बारावा दिवस, सकाळी दहा. हरवलेली खबर कोणत्या हातात शेवटची अडकली होती? तिच्या स्वतःच्या!

तिने रेकॉर्डिंग बंद केलं.

“मी तुला माफ केलेलं नाही,” ती म्हणाली. “करणारही नाही. उद्या तुला शिक्षा झाली तर मी पहिल्या बाकावर बसून बघेन. पण आत्ता चप्पल घाल. समितीकडे जायचंय.”

“बाहेर तुमचेच लोक उभे असतात.”

“म्हणूनच मी पुढे चालणार आहे.”

•

ती पुढे चालली. समितीच्या फाटकाशी नातेवाइकांचा जमाव होता. त्यातल्या प्रत्येकाच्या माणसाचा रांग-नंबर तिला पाठ होता. ग्रुपचा म्होरक्या पेशाने वकील, त्याचा भाऊ विमानात होता. त्याने ताईला विचारलं की या माणसाने रडून दाखवलं आणि ती विरघळली का. तो रडला नाही आणि मीही नाही, एवढंच ती म्हणाली. कोणीतरी तिच्या मागच्या त्या माणसावर थुंकलं, ते तिच्या बाहीवर पडलं. तिने पुसलं नाही.

त्या संध्याकाळी तिने ग्रुपवर लिहिलं की पत्ता तिने टाकला होता, त्यामुळे माणूस गप्प बसला, आणि त्यामुळे जहाजं चुकीच्या जागी राहिली. ज्याला काळं फासायचं असेल त्याने तिचाही पत्ता घ्यावा. पत्ता खाली दिला होता. शिव्या आल्या. दोनशे जणांतल्या एकसष्ट जणांनी मात्र तिच्या पत्राखाली सही केली: शोध संपेपर्यंत कोणाच्याही दारात जाणार नाही. ते पत्र आणि त्या माणसाचा जबाब शुक्रवारच्या बैठकीत एकत्र ठेवले गेले. सात देशांनी नकाशावर दक्षिणेला नवी चौकट आखली.

एकोणतिसाव्या दिवशी एका जहाजाला पाण्याखालची हाक ऐकू आली, चाळीस मिनिटं. मग थांबली. तेवढ्यावरून जागा आवळत आणून दोन महिन्यांनी विमानाचा सांगाडा सापडला. धाकटी त्यात होती. आईने टीव्ही पुन्हा सरळ केला आणि बंद केला.

नियंत्रण कक्षातली टेबल आवरण्याची रीत आता बंद आहे. त्या माणसाची नोकरी गेली, आणि ती जायला हवीच होती, असं ताई आजही म्हणते. तिचा राग गेलेला नाही; फक्त त्याचं तोंड फिरलं आहे. आता तो त्या खणावर आहे, त्या रीतीवर आहे, तिला शिस्त म्हणणाऱ्यांवर आहे, आणि उरलेला सगळा स्वतःवर.

नागरिकहो, चूक करणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. पण चूक सांगायला निघालेल्या माणसाच्या दारावर आपण काळं ओततो, तेव्हा त्याच्या मागे उभी असलेली दहा माणसं गुपचूप घरी परत जातात, आणि त्यांच्यापाशी काय होतं ते आपल्याला कधीच कळत नाही. सूड घ्यायचाच असेल तर चुकीवर घ्या. तिला पुन्हा जन्माला येऊ देऊ नका.

बाराव्या दिवशी दक्षिणेच्या त्या चौकटीपासून सर्वांत जवळचं जहाज चार तासांच्या अंतरावर होतं.