बाटलीतलं पाणी

मालकांच्या आजोबांनी बांधलेल्या मातीच्या धरणावर मी एकतीस वर्षं राखणदार होतो. तिथे एकदा मी असा मासा धरला, की तो बाहेर काढताच पाणी दोन बोटं उतरलं. माझ्या ताईला हे पटत नाही. धरणाखाली घर एकच, तिचं. पुढच्या खोलीत ती लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची.

माझं खरं काम म्हणजे रोज सकाळी पायथ्याच्या निचऱ्याच्या पाइपाखाली काचेची बाटली धरायची आणि उन्हात बघायची. मातीचं धरण थोडं पाझरतंच. पाणी नितळ असलं, तर धरण ठणठणीत. गढूळ आलं, तर समजायचं की पोटातली माती वाहून चालली.

त्यात तपासणीचे साहेब यायचे ठरलं. त्यांना गळती दिसायला नको म्हणून मालकांनी गवंड्याकडून पाइपाच्या तोंडात सिमेंट ठासून घेतलं. साहेबांनी कोरडा पाइप पाहिला, मान डोलावली, चहा पिऊन गेले.

"बघ, गळती बरी झाली," मालक म्हणाले.

"मालक, नाकात बोळे घालून सर्दी बरी होत नाही. पाणी आतच साठतंय."

"तू आपला माशाच्या गोष्टी सांग."

चौथ्या दिवशी भर दुपारी उताराच्या मध्यावर, जिथे कधी ओलही नव्हती, तिथे मनगटाएवढी धार लागलेली. बाटली भरली. पाणी चहासारखं. धरणाचा दरवाजा उचलून तळं रिकामं करावं म्हणून चाकाला लोंबकळलो, पण गंजलेलं चाक तसूभर हललं नाही. मालकांना फोन लावला. "तिथेही सिमेंट लाव," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी ताईकडे धावलो.

"ताई, ऊठ. धरण फुटतंय."

"का, मासा परत पाण्यात पडला?" इस्त्री चालूच.

"खरं सांगतोय गं."

"गेल्या वर्षीची मगरही खरीच होती. कुंपणावर बसून जांभई देणारी."

एकतीस वर्षांच्या थापा अंगाशी आल्या. मी बाटलीच तिच्यापुढे ठेवली. तिने ती खिडकीपाशी उजेडात धरली. तळाशी बोटभर माती बसली होती. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं.

तिचा गुडघा कामातून गेलेला. तिला पाठुंगळी घेतलं आणि टेकाडाची वाट धरली. अर्ध्यावरच माझे पाय लटपटायला लागले.

"पोचू ना रे?"

"आरामात. म्हशीला उचलून चढलोय मी हे टेकाड."

"आज तुला नीट थापही मारता येत नाहीये."

तेवढ्यात मागे घरघर सुरू झाली. वाढतच गेली. पायाखालची जमीन थरथरायला लागली. मला मान वळवता येत नव्हती. ताईने वळवली. माझ्या गळ्याभोवतीचे तिचे हात आवळले गेले.

"काय दिसतंय?"

आमच्या घरात ताई कधी खोटं बोलली नव्हती.

"काही नाही," ती म्हणाली. "सगळं आहे तिथेच आहे. तू चढ."